बटण तुमचं, गुडघे माझे

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. चार माणसं रोज एका जागी जमली आणि अधूनमधून एकत्र गावाला जाऊन आली, की ते आपोआप साठतात. आम्ही रोज सकाळी कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या बांधावर जमतो. मी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. त्यामुळं कुठं जायचं ठरलं, की तिकिटं काढायचं, सीटा वाटायचं आणि भांडणं मिटवायचं खातं माझ्याकडं! ग्रुपमध्ये माझं नावच 'कंडक्टर' पडलंय.

पोरं बंगळूर-हैदराबादला गेली, तसे आम्हीही उतारवयात विमानानं हिंडायला लागलो. पण आमचे विमानाचे किस्से ढगांचे नाहीत, घाबरल्याचे नाहीत. सगळे एकाच गोष्टीचे. सीटच्या हातावर एक बटण असतं ना, दाबलं की पाठ मागं जाते, त्याचे! चंदगडच्या गाडीवर मी पंधरा वर्षं काढली, पण तिथं सीट मागं जायची सोयच नव्हती. भांडण व्हायचं ते बसायच्या आधी. एकदा बूड टेकलं, की माणूस शांत.

*

पहिला मान आमच्या पांडूतात्यांचा. मुरगूडचे शेतकरी, आता लेकाकडं कोल्हापुरात राहतात. पहिलंच विमान. मी त्यांना बटण दाखवलं आणि म्हटलं, "तात्या, मागच्याला विचारून मग दाबा."

तात्या सीटवर गुडघे टेकून मागं वळले. "राम राम पावणं! कुठलं गाव म्हणायचं?"

मागचा गृहस्थ कोट-टायमधला. पण बोलायला आपलाच. "मूळ कापशीचा."

"कापशी? मग आमच्या थोरल्या मेव्हण्याला वळखत असशीला की!"

नुसता ओळखत नव्हता, मेव्हण्याच्या साडूचा चुलतभाऊ निघाला! दहा मिनिटं दोघांनी कुणाचं लग्न कुठं झालं आणि कोण कधी वारलं याची उजळणी केली. मग तात्या वळून सरळ बसले ते बंगळूर येईपर्यंत तसेच, ताठ.

उतरताना मी विचारलं, "का हो, सीट घेतली नाही मागं?"

"खुळा का काय तू? सोयऱ्याच्या अंगावर सीट टाकू व्हय!"

*

दुसरा किस्सा माझ्यावरच आहे. दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

विमान उतरायला लागलं, तशी हवाईसुंदरी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, सीट सरळ करा." मी केली. पण पुढं बघतो तर निम्मी गाडी आडवी! ती बिचारी एकेकाजवळ वाकून विनवतेय. मला राहवेना. तीस वर्षांची सवय. पट्टा सोडला, मधल्या वाटेत उभा राहिलो आणि डेपोतला आवाज लावला, "चला, सीटा सरळ करा, सीटा सरळ! ओ निळा शर्ट, उठा! आलं गाव!"

खटाखट सगळ्या सीटा सरळ झाल्या. झोपलेली दोन माणसं बॅगा काढायला उठली ती वेगळीच! मी अभिमानानं तिच्याकडं बघितलं. म्हटलं, "मॅडम, मी पण याच लाइनचा."

ती म्हणाली, "थँक यू सर. आता सगळ्या विमानात फक्त तुम्हीच सरळ व्हायचे राहिलात. बसा!"

*

ग्रुपमध्ये अण्णा आहेत, गुळाचे व्यापारी. देह भरदार, आवाज त्याहून भरदार. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं बोलताना मधूनच कानडी येतं.

एकदा अक्कांच्या पुढं लॅपटॉपवाला एक तरुण बसला होता. बसल्या बसल्या त्यानं सीट पार मागं टाकली आणि डोळे मिटले. त्याचं डोकं जवळजवळ अक्कांच्या मांडीवर. कुणी चिडलं असतं, कुणी बेल दाबली असती. अक्कांनी पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या कानाशी वाकून, धाकट्या भावाला हाक मारावी तशा मायेनं म्हणाल्या, "तम्मा, डोस्कं हितवर आलंच हाय, तर तेल घालू काय रं? लई कोरडं पडलंय."

पोरगं ताडकन उठून बसलं! सीट सरळ, मान सरळ, कॉलर सरळ. शंभर वेळा सॉरी म्हणालं.

अक्कांना मात्र खरंच वाईट वाटलं. त्या मला म्हणाल्या, "असं काय केलं त्यानं? मी खरंच घालणार होते की!"

*

आता जरा अवघड किस्सा. आमचे कांबळे सर हायस्कूलचे गणिताचे शिक्षक. अंगानं काटकुळे, बोलणं मोजकं, शर्ट कायम पांढरा. अण्णांचे तीस वर्षांचे दोस्त. अण्णांच्या दोन्ही मुली सरांच्या हाताखाली शिकल्या, आणि अण्णांच्या दुकानातली हंगामातली पहिली ढेप सरांच्या घरी जायची.

हैदराबादला जाताना मी अण्णांना पुढं आणि सरांना त्यांच्या मागं बसवलं. सरांनी चहा घेतला, ट्रे उघडून त्यावर ठेवला, डायरी काढली. तेवढ्यात अण्णांनी बटण दाबलं आणि शंभर किलोचा रेटा दिला. धाडकन! चहा शर्टावर, डायरीवर, आणि ट्रे सरांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर.

सर शांतपणे म्हणाले, "अण्णा, विचारायची पद्धत असते."

अण्णांनी चूक झाली म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण सगळ्यांच्या देखत म्हटल्यावर अण्णांना ते लागलं. "माझं तिकीट, माझी सीट, माझं बटण! त्यात काय इचारायचं?"

"बटण तुमचं आहे अण्णा. गुडघे माझे आहेत."

बस्स! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सकाळी सर बांधाच्या या टोकाकडून चालायला लागायचे आणि अण्णा त्या टोकाकडून. रोज मध्यावर समोरासमोर यायचे आणि दोघंही पाण्याकडं बघत पुढं जायचे. त्या हंगामात ढेपही गेली नाही. आम्ही वरवर हसायचो, पण बांधावर पहिल्यासारखी मजा राहिली नव्हती. मला तर रात्रंदिवस एकच खात होतं: सीटा मी वाटल्या होत्या. जन्मभर भांडणं मिटवली आणि हे एक माझ्याच हातनं लागलं.

*

शेवटी तात्या म्हणाले, पंचायत भरवू. बांधावरच्या बाकावर सगळे बसलो. अण्णा एका टोकाला, सर दुसऱ्या टोकाला, मध्ये तात्या. सीट मागं घ्यायचे नियम ठरवायला लागलो. एक, खाणं-पिणं चालू असताना घ्यायची नाही. मंजूर. दोन, हळू घ्यायची. मंजूर. तीन, आधी मागच्याला विचारायचं.

अण्णा तात्यांना म्हणाले, "तात्या, त्यास्नी इचारा, मागच्यानं न्हाई म्हटलं तर?"

सर तात्यांना म्हणाले, "त्यांना सांगा, सहसा कुणी नाही म्हणत नाही."

"मग त्यास्नी इचारा, व्हयच म्हणणार असंल, तर इचारायचं कशापायी?"

सरांनी चष्मा पुसला. "त्यांना सांगा, मागच्याला हो म्हणायला मिळावं म्हणून."

आता हे अण्णांना दोन हातांवरून ऐकू गेलंच होतं. तरी तात्या इमानेइतबारे वळले आणि सगळं परत सांगितलं. अण्णा तडक उठले आणि चालायला लागले. पंचायत मोडली! दोन नियम जुळले, दोन माणसं काही जुळली नाहीत.

*

मग बोधगयेची ट्रिप निघाली. सरांची फार वर्षांची इच्छा होती, की सगळ्यांना घेऊन एकदा तिथं जावं. अण्णा म्हणाले, "मी येत न्हाई." अक्का म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा घरात. मी चालले." अण्णा आले. आठवडाभर एका बसमध्ये, एका पंगतीत, पण सरांशी शब्द नाही. बोधिवृक्षाखाली सगळे एका ओळीत बसलो, तेव्हाही मध्ये मी.

परतीच्या दिल्ली-पुणे विमानात कॉम्प्युटरनं सीटा दिल्या आणि मी पास दोनदा तपासले. सर पुढं, अण्णा बरोबर त्यांच्या मागं! मी सरांच्या शेजारी. मी बदलाबदली करायला उठलो, तर सर म्हणाले, "असू दे, कंडक्टर." मागं बघितलं. अण्णा पट्टा लावून खिडकीबाहेर बघत होते.

विमान निघायच्या आधी हवाईसुंदरी सरांजवळ वाकली. म्हणाली, "सॉरी सर, या सीटचं बटण बिघडलंय. ही मागं जात नाही. दुसरीकडं बसायचंय का?"

सर म्हणाले, "नको. हीच बरी आहे."

विमान वर गेलं. पट्ट्याचा दिवा विझला. चहा येऊन गेला, ट्रे मिटले. सरांनी डायरी खिशात ठेवली, चष्मा नीट केला आणि अख्खे मागं वळले. वर्षभरात पहिल्यांदा दोघांची नजरानजर झाली. पलीकडच्या रांगेत अक्कांचा हात तात्यांच्या चिवड्याच्या पुडीत होता, तो तिथंच थांबला.

सर म्हणाले, "अण्णा, सीट जरा मागं घेऊ का?"

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. मग सीटकडं बघितलं.

"घ्या की सर."

सर वळले. हातावरचं बटण नीट दाबलं आणि पाठ टेकली. सीट तसूभरही हलली नाही. सरांनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून विचारलं, "अडचण होत नाही ना?"

मागून आवाज आला, अख्ख्या विमानाला ऐकू जाईल असा.

"छ्या! आजून घ्या की! हितं रग्गड जागा हाय!"