लाजेला तिकीट नाही

हिरामावशी कुठेही गेल्या की आधी बसायच्या. दवाखाना असो, रेशनचं दुकान असो, कुणाच्या घरची हळद असो. दारापाशीच फतकल मारायच्या, चपला मांडीजवळ ओढून घ्यायच्या आणि चहूकडे निवांत नजर फिरवायच्या. "जागा आपल्याला बघतीया तवर आपण बी तिला बघून घ्यावं. मंग उठावं," असं म्हणायच्या. मी बरोबर असले की चार पावलं लांब उभी राहायचे. ही बाई माझ्याबरोबर नाही, असं लोकांना वाटावं म्हणून.

सातपूरला आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. मूळच्या पेठकडच्या डोंगरातल्या. नवऱ्याबरोबर बांधकामावर आल्या, इथेच राहिल्या आणि पुढे अंगणवाडीत मदतनीस झाल्या. मी यवतमाळकडची. लग्न होऊन आले तेव्हा माझं माणूस म्हणावं असं जवळात जवळ कोण, तर रात्रभराच्या बसपलीकडे. चिऊच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा हे कामावर होते आणि माझं डोकं मावशींच्या मांडीवर होतं. त्याची परतफेड होत नसते. आणि त्यांच्यापासून मी चार पावलं लांब उभी राहायचे.

शाळा मी आठवीत सोडली. घरच्या परिस्थितीमुळे, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे गणवेशाचा स्कर्ट आखूड झाला होता आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला उभं करून तो दाखवला. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हटलं. तिसऱ्या दिवशी पण म्हटलं. मग कुणी विचारायचंच बंद केलं. हे फक्त मावशींना माहीत होतं.

चिऊ पाच वर्षांची आणि सोनू तीनचा असताना चिऊने गावाबाहेरच्या त्या पार्कचा ध्यास घेतला. पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, झुकझुक गाडी. वर्गातली कुणी मैत्रीण जाऊन आली होती. ह्यांना सुट्टी मिळेना, म्हणाले, "मावशींना घेऊन तूच जा." माझी झोप उडाली. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी सगळा दिवस बसवला. आल्या आल्या मोठी घसरगुंडी, मग लाटांचं पाणी, मग पाळणे, जेवण उरकून गाडी. काही म्हणजे काही सुटायला नको.

मावशी मेथी निवडत ऐकत होत्या. "कंपनीची पाळी हाय का ही?" त्या म्हणाल्या. "बारकी पोरं हायेत, बाय. एक पाणी, एक पाळणा अन् मधी एक झोप. त्याच्यावर काय केलं का ती रडत्यात."

"झोप? तिकीट काढून झोपायचं?"

"मंग! घरी झोपलं तर कोण इचारतंय?"

पार्कच्या फाटकाशी रखवालदाराने पिशवी उघडायला लावली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा नियम. मावशींच्या पिशवीत नागलीच्या भाकरी, ठेचा आणि पोरांसाठी गूळ. तो म्हणाला, "आजी, हे इथंच ठेवावं लागेल."

"ठिवते की. पोटात ठिवते."

आणि फाटकाच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर, त्यांनी चादर पसरली आणि बसल्या. पोरंही बसली. गाड्यांच्या काचा खाली होत होत्या. गॉगल लावलेली एक बाई आपल्या मुलाला आमच्याकडे बोट करून काहीतरी सांगत होती. मी तिकिटाच्या रांगेचं निमित्त काढून उठले. घास घशातच होता.

खिडकीजवळच्या खांबावर उंचीचा पट्टा रंगवला होता. त्याच्याखाली भरलेल्या मुलाला तिकीट नाही. सोनू खाली भरला. मावशी भाकरीचे हात पुसत आल्या आणि स्वतःच खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ए दादा, माझं बी बघ. म्हातारपणानं कमीच भरत असंन मी." खिडकीतला पोरगा हसला. रांग हसली. माझे कान तापले.

खरी फजिती पुढे झाली. पाण्यात साडी किंवा पंजाबी ड्रेस चालत नव्हता. भाड्याने मिळणारा नायलॉनचा पोशाखच घालायचा, टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. हे कुठल्याच व्हिडिओत माझ्या लक्षात आलं नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत मी तो घातला, वरून ओढणी गुंडाळली आणि बाकावर बसले ती बसलेच. कडी लावून. माझ्या पायांना लग्नानंतर ऊन लागलं नव्हतं. बाहेर चिऊ दार वाजवत होती. "आई, चल ना. मी एकटी नाही जाणार. मला भीती वाटते." थोड्या वेळाने दार वाजायचं थांबलं आणि मुसमुस ऐकू यायला लागली. मी आतून म्हटलं, "माझं पोट दुखतंय."

बोलले आणि मलाच ते ओळखीचं वाटलं.

बाहेर मावशींनाही वाटलं असणार. "पोट का?" त्या दारापाशी तोंड आणून हळूच म्हणाल्या. "आठवीतलंच का गं हे?"

मी ओढणी आणखी घट्ट गुंडाळली.

"तवा तुझी शाळा ऱ्हायली. आज पोरीचं पाणी ऱ्हाईल."

"मावशी, मला लाज वाटते हो."

"वाटू दे ना. टाक कुठं म्हणते मी? घेऊन ये तिला बी संगं. बारक्यांना तिकीट नाय, तिला बी नाय."

मी कडी काढली. समोर मावशी उभ्या होत्या. निळा टी-शर्ट, निळी चड्डी, कपाळावर कुंकू तसंच, काटकुळ्या पिंढरीवर हिरवं गोंदण, केसांचा अंबाडा घट्ट. कॉलेजातली दोन पोरं त्यांच्याकडे बघून एकमेकांना ढोसत होती. मावशींनी त्यांना हाक मारली. "काय रं, म्हातारीला पाय नसत्यात का?" पोरं खाली बघत पळाली.

घोट्याएवढ्या पाण्यात आम्ही बसलो. मी गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात छातीवर. लाज गेली, असं मी म्हणणार नाही. ती माझ्याबरोबर सगळा वेळ त्या पाण्यात बसली होती. पण चिऊ माझ्या पाठीवर पाणी उडवत होती आणि इतकी हसत होती की तिला उचकी लागली. मग निंबाखाली चादर टाकून सगळे झोपलो. मावशी तर घोरल्या. उठून पाळणा झाला. मोठ्या घसरगुंडीकडे आम्ही गेलोच नाही. ऊन उतरायच्या आत मावशींनी चपला घातल्या. पोरं "अजून, अजून" करायला लागली.

"अजून म्हणत्यात तवाच निघायचं," मावशी म्हणाल्या. "रडाया लागल्यावर निघालं का रडणंच ध्यानात ऱ्हातं."

मागच्या थंडीत मावशी गेल्या. दम्याने. शेवटी मुलाने गावी नेलं होतं, त्यामुळे मला भेटता आलं नाही. त्यांच्यापासून लांब उभं राहून जे दिवस घालवले, ते मात्र माझ्याजवळ आहेत.

यंदा उन्हाळ्यात मी पोरांना घेऊन परत त्या पार्कला गेले. नागलीच्या भाकरी केल्या होत्या. मी ज्वारीच्या मुलखातली, माझ्या नागलीच्या भाकरीला चिरा पडतात. फाटकाच्या कडेला चादर पसरली आणि बसले. सोनूने लगेच मांडी घातली. चिऊ आता तिसरीत आहे. ती उभीच.

"आई, इथे नको ना," ती दात आवळून म्हणाली. "लोक बघतात. माझ्या वर्गातलं कुणी आलं तर?"

ती चार पावलं लांब सरकली. मी मोजायला गेले नाही, मला ते अंतर पाठ आहे. तोंडाशी आलं होतं, बस म्हणते ना! पण आलं तसं गिळलं. चादरीची एक बाजू मोकळी केली.

"लाज वाटते का?"

तिने मान हलवली. डोळे भरलेले.

"वाटू दे. तिला पण घेऊन बस. जागा आहे."

ती बसली नाही. आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, रस्त्याकडे बघत, आमची कुणीच नसल्यासारखी. जरा वेळाने, न वळताच, तिने एक हात मागे केला. मी त्यावर अर्धी भाकर ठेवली.