धोंडीआत्याचं नाव

माझ्या धाकट्या भावाचा, संतोषचा फोन सकाळी सहाला वाजला. "ताई, आत्या गेली. झोपेतच गेली गं..." मी मीरा रोडहून भाईंदरजवळच्या राई गावी, माहेरी पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. त्याला आता दीड महिना होईल. पण त्या सकाळपेक्षा नंतरची एक दुपारच मनात जास्त राहिली आहे. मृत्यूची नोंद करायला आम्ही दोघं महापालिकेत गेलो होतो. खिडकीमागच्या तरुण मुलीने अर्ज वाचला आणि अदबीने विचारलं, "धोंडी हे घरातलं नाव असेल ना? खरं नाव काय त्यांचं?" संतोष म्हणाला, "हेच खरं. दुसरं नव्हतंच."

आत्याच्या आधी आजीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरं तरी हाती लागावं म्हणून आजीने या पोरीला जन्मल्या जन्मल्या अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, हा तर धोंडा आहे! मूल नकोसं आहे असं दाखवायचं, म्हणजे मरणही त्याच्याकडे पाठ फिरवतं, अशी तेव्हाची समजूत. पोर जगली आणि नाव चिकटलं. आत्याच्या लहानपणी एकट्या राईत तीन धोंडी, दोन धोंडू आणि एक दगडू होता म्हणे. माझ्या पिढीत त्यातलं एकही नाव उरलं नाही.

कॉलेजात असताना मला या नावाची लाज वाटायची. आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतलेली, आमच्याच मळ्यातली भाजी भाईंदरच्या बाजारात विकायची. एकदा मैत्रिणींसोबत जाताना ती समोर आली. मी घाईने म्हटलं, "ही माझी आत्या, धनश्री." आत्याने मैत्रिणींच्या ओंजळीत वालाच्या शेंगा घातल्या. घरी आल्यावर हसत म्हणाली, "धनश्री चांगलं हाय गो. पन त्या नावानं हाक मारलीस तं मी वळनार न्हाय." ते हसणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढे माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. आमच्या गावाची महापालिका नुकतीच झाली होती, मीरा रोडला रोज नवी इमारत उभी राहत होती, आणि मी मात्र इस्पितळातल्या काचेच्या पेटीपलीकडे काही बघत नव्हते. आत निळसर, मुठीएवढी पोर. डॉक्टर म्हणायचे, आत्ता काही सांगता येत नाही. चौथ्या दिवशी आत्या राईहून बसने आली. नर्सने तिला मिनिटभर आत सोडलं. पेटीवर माझ्या नावाने लिहिलं होतं, 'बेबी ऑफ सुलभा'. मी ते वाचून दाखवलं. "म्हंजे पोरीला नाव न्हाय अजून?" असं म्हणत ती काचेशी वाकली आणि हळूच बोलली, "धोंडे... ए धोंडे..."

मी चिडले. "आत्या, असलं नाव नको गं माझ्या पोरीला."

"तात्पुरतं देते गो. धोंड्याला कोन उचलून नेतंय?"

मी रडले, पण त्या रात्रीपासून मीही पेटीजवळ उभी राहून तेच पुटपुटू लागले. डॉक्टरांनी, नर्सनी जिवाचं रान केलं, पोरगी त्यांच्यामुळे वाचली, हे मला ठाऊक आहे. पण मला तिथे उभं राहायचं बळ त्या नावाने दिलं. सव्वा महिन्याने ती घरी आली. बारशाला माझ्या नणंदेने 'श्रेया' नाव ठेवलं. पाळण्यापासून सगळ्या बाजूला झाल्यावर आत्या वाकून म्हणाली, "माझं नाव दे माझं मला. तू आता श्रेया हो."

श्रेया यंदा पहिलीत आहे. गेल्या दिवाळीत मीच आत्याला म्हटलं, "तुझं नाव संपलंच गं. हिच्या अख्ख्या शाळेत एक धोंडी नाही." मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती पावटे सोलत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "बरं झालं की. ज्या घरात धोंडी, त्या घरात आधी एकदोन गेलेली असायची. आता पोरं जगतात, तं कशाला लागेल असलं नाव?" आपलं नाव जगातून नाहीसं होतंय याचा आनंद मानणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तिची एक सवय सांगायची राहिली. आमच्या घराण्यातली बारशी तीच करायची आणि नाव ठरवण्याआधी मागच्या दारात उभी राहून, खाडीच्या दिशेने त्या नावाने मोठ्यांदा हाक मारून बघायची. "नाव कागदावर बगू नको," म्हणायची, "लांबवर जातंय का ते बग." संतोषच्या बायकोला आता आठवा महिना आहे, म्हणजे यंदा आत्या मी. गेल्या रविवारी राईला गेले, मागचं दार उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हाक मारली. पहिलं नाव कुंपणापाशीच विरलं. दुसरं मारलं... ते गेलं, पार चिखलातल्या बगळ्यांपर्यंत. शेजारच्या काकी धावत पडवीत आल्या.

"कोनाला हाक मारतेस गो?"

"यायचंय अजून," मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा हाक मारली.