व्हर्लिन स्ट्राउडचं नाक

व्हर्लिन स्ट्राउडचं नाक गेलं आहे, हे मला सहा वर्षं कळलं नाही. आमच्या घरांमध्ये एक तारेचं कुंपण आणि माझ्या सफरचंदांच्या दोन ओळी, एवढंच अंतर. तरी कळलं नाही. तो गेल्या मार्चमध्ये वारला. आता ही गोष्ट मला एकट्यालाच माहीत आहे, म्हणून जमेल तशी लिहून ठेवतो.

मॉक्सीकडच्या हॉप्सच्या, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलींच्या, मळ्यांत तो एकोणचाळीस वर्षं भट्टीवर होता. वेलींची हिरवी बोंडं उतरली की ती भट्टीच्या जाळीवर पसरून सुकवतात. कमी सुकली तर गासडीत तापतात, जास्त सुकली तर त्यांचा चुरा होतो. त्यासाठी मीटर आले होते, पण मीटरचा काटा काहीही म्हणो, माणसं व्हर्लिनकडे बघत. तो मूठभर बोंडं तळहातांत चोळायचा, त्यात नाक खुपसायचा आणि म्हणायचा, "अजून अर्धा तास." बीअर कंपन्यांचे खरेदीदारही त्याच्या शेजारी उभे राहून चोळायचे आणि तो काय म्हणतो याची वाट बघायचे. एकदा पैजेवर त्यानं डोळे मिटून पाच मळ्यांची बोंडं ओळखली. हरलेल्याला म्हणाला, "तुझी तर लांबूनच कळली. पाणी तोडायला विसरतोस."

बायको लवकर गेली, मूल नव्हतं. शिक्षण बेताचं. आमच्या खोऱ्यात त्याला जो मान होता तो त्या नाकाचा होता, आणि हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मग तो भट्टीच्या शिडीवरून पडला. डोकं मागून आपटलं. तीन आठवडे इस्पितळात काढून परत आला तो बोलायला-चालायला पहिल्यासारखाच. पण त्या हंगामानंतर त्यानं काम सोडलं आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला रूबेन अराइसा त्याच्या जागी आला. वय झालं, असं आम्ही धरून चाललो.

सायडर तो घरी आधीपासून करायचा. सफरचंदं माझी, दाबायचं यंत्र त्याचं. सप्टेंबरअखेरीस रस काढून काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरायचा. पाच-सहा आठवड्यांनी रस आंबून बुडबुडे थांबले की मलमलच्या पिशवीत मूठभर हॉप्स आणि चार काचेच्या गोट्या बांधून ती पिशवी बुधल्यात सोडायची. गोट्यांमुळे ती तळाशी बसते. चौथ्या दिवशी बाहेर काढायची, नाहीतर कापलेल्या गवताची चव उतरते. एवढंच. पण त्या चार दिवसांत साधी आंबट सायडर अशी काही बदलायची की हंगामाच्या जेवणाला लोक त्याच्या सुरईजवळची जागा धरून बसत.

तो पडल्यानंतर हॉप्स घालायच्या दिवशी मला बोलावणं येऊ लागलं.

"वेंडल, ये इकडे. हॉप्सची पिशवी फोडतोय."

"फोड की. मी कशाला लागतो त्याला?"

"सफरचंदं तुझी आहेत. उद्या गावभर सांगशील, माझ्या मालात काय कालवलं म्हणून."

पिशवी फोडून तो आधी माझ्या नाकाखाली धरायचा. संत्र्याच्या सालीचा आणि देवदाराच्या चिकाचा वास भपकन यायचा, आणि मला हसू फुटायचं. तो माझ्याकडे बघत राहायचा, मग मान डोलवून कामाला लागायचा. चौथ्या सकाळी पहिला घोटही मलाच. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला मान द्यावा, याचं मला अप्रूप होतं. मळ्याच्या रस्त्यावर एखादा स्कंक, तो उग्र घाण वास सोडणारा प्राणी, चिरडलेला असला की मी गाडीची काच झटकन वर घ्यायचो. तो उघड्या खिडकीत कोपर टेकून बसलेला असायचा. मला वाटायचं, केवढा कणखर.

सहाव्या वर्षी त्याच्याकडे एका जुन्या जातीची शेवटची पिशवी उरली होती. ते वेल उपटून सगळ्यांनी नव्या जाती लावल्या होत्या, पण त्याच्या मते सायडरला तीच जात खरी. बोलावणं आलं, मी गेलो. त्यानं पिशवी फोडून माझ्या नाकाखाली धरली.

चीजचा वास आला. दिवसभर घातलेले पायमोजे काढल्यावर येतो तसला.

माझ्या मनात आलं, जुनी जात आहे, अशीच असेल. नाहीतर नंतर उडून जात असेल. व्हर्लिन स्ट्राउडला हॉप्सचं मी काय सांगणार? मी तोंडावरची रेष हलू दिली नाही. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

"ठीक?"

"ठीक."

त्यानं हॉप्स मलमलमध्ये बांधली. चौथ्या दिवशी मी घोट गिळला आणि म्हणालो, "चांगली झालीय."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी शेतकऱ्यांच्या सभागृहात हंगामाचं जेवण होतं. टर्की, कुस्करलेले बटाटे, आणि व्हर्लिनची सायडर. सुरया फिरल्या. लोकांनी घोट घेतले, एकमेकांकडे पाहिलं आणि पेले हळूच खाली ठेवले. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मॅक्सीननं आपला पेला फुलदाणीमागे सरकवला. कोणी बोललं नाही. सायडर व्हर्लिनची होती.

रूबेन उशिरा आला. त्यानं पेला नाकाशी नेला आणि हसायला लागला.

"उस्ताद, परीक्षा घेताय ना आमची?"

"कसली?"

"उन्हात तापलेली हॉप्स घातलीत. चीजचा वास मारतोय. पहिल्या वर्षी मला असलीच पिशवी हुंगवली होतीत. ओळखली नाही म्हणून अख्खी भट्टी झाडायला लावलीत."

व्हर्लिनचा हात टेबलावर तसाच राहिला. त्यानं रूबेनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "एवढा वेळ लागला होय रे? परत झाडू हातात द्यावा लागणार तुझ्या."

सगळे सुटल्यासारखे हसले. मॅक्सीन म्हणाली, "मेल्या, मुद्दाम केलंस? तुझ्या भिडेखातर दोन घोट गिळले मी."

"मी एकच," दुसरं कोणी म्हणालं. "बाकीची कुंडीत. ते झाड आता मरतंय."

मग ज्याला त्याला आपण कसं तोंड वाकडं न करता प्यायलो ते सांगायचं होतं. व्हर्लिन प्रत्येकाचं ऐकून हसत होता.

परतताना त्यानं गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. त्याच्या अंगणात गाडी थांबवली तरी तो उतरेना.

"पिशवी फोडली तेव्हा तुला वास आला होता?"

"आला होता."

"मग?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला वास येत नाही, वेंडल. पडलो तेव्हापासून. कॉफीचा नाही, काही जळलं तर त्याचा नाही. जिभेला गोड, आंबट, कडू तेवढं कळतं."

तो पुढे म्हणाला, "तुला काय सफरचंदांसाठी बोलवत होतो मी? जुलैत शेडमधला फ्रीझर पंधरा दिवस बंद पडला होता. हॉप्स गेली असतील ही धास्ती होतीच. म्हणून पिशवी तुझ्या नाकाखाली धरली आणि तुझं तोंड बघत बसलो. सहा वर्षं तुझ्या तोंडावर चाललंय माझं."

"तू मला विचारायचं होतंस."

"विचारलं. तू ठीक म्हणालास."

मग त्यानं विचारलं, "आधीची पाच वर्षं कशी होती?"

"चांगली होती. खरंच चांगली होती, व्हर्लिन."

पिशवी फोडल्यावर बघायचा तसाच तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"आता हे मी कशावरून मानू?" तो म्हणाला आणि उतरून गेला.

पुढल्या सप्टेंबरात मी सफरचंदांच्या पेट्या त्याच्या फाटकाशी नेल्या. "यंदा नको," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो तीन वर्षं जगला. कुंपणापाशी भेटलो की हवापाण्याचं बोलायचा. यंत्र कोणाला तरी देऊन टाकलं. नाकाबद्दल त्यानं पुन्हा एक शब्द काढला नाही, आणि मीही कोणाला काही सांगितलं नाही.

त्याला पुरल्यावर सगळे त्याच सभागृहात जेवायला बसलो. रूबेननं उस्तादांच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. तो ती सगळीकडे सांगतो, चांगली सांगतो. डोळे पुसत म्हणाला, "असं नाक पुन्हा होणार नाही."

मॅक्सीन माझ्याकडे वळली. "शेवटपर्यंत तसंच तिखट होतं, नाही का रे वेंडल? तू तर शेजारी."

मी म्हणालो, "हो. शेवटपर्यंत."