घरचे वगळून

शब्दांचे अर्थ सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. शाळेत मराठी शिकवते. 'कर्मणी प्रयोग' वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायला मला फारसा त्रास होत नाही. पण घरच्या घरी, वडिलांना 'हिट' म्हणजे काय ते सांगताना मी रडकुंडीला आले, आणि त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते हातमागावर वॉल हँगिंग विणायचे, म्हणजे भिंतीवर लावायची चित्रं. मोर, हरणं, कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्या जोडप्याचे चेहरे. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत माग. खोली नाना आणि काका दोघांची, आणि काकांना ती टॉवेलांच्या गोदामासाठी हवी होती. भांडण नको म्हणून नानांनीच तोडगा काढला. मी तेव्हा नुकतीच त्यांच्या चित्रांची वेबसाइट करून घेतली होती. नाना काकांना म्हणाले, "दिवाळीपतूर थांब. ह्यावर माणसं आली तर माग राहील. न्हाय आली तर जागा तुझी."

वेबसाइट करून देणारा माणूस दर महिन्याला अहवाल पाठवायचा. पहिल्या अहवालात सगळ्यात वर, सगळ्यात ठळक अक्षरांत 'हिट्स' लिहिलेलं होतं आणि पुढे हा भला थोरला आकडा. नानांनी त्याचा फोटो काढून आख्ख्या भावकीला पाठवला. काकांना मुद्दाम बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "बघ की, एवढी माणसं येऊन जात्यात!" नवीन सूत आणलं, मागावर उभे धागे चढवून ऑर्डरची वाट बघत बसले. मीही भुलले, खोटं कशाला बोलू? मात्र फोन एकही वाजेना. चौकशी नाही, ऑर्डर नाही. दुसऱ्या महिन्यात आकडा आणखी फुगला आणि फोन तसाच गप्प. तेव्हा मी त्या माणसाच्या ऑफिसात जाऊन बसले.

"मॅडम, हिट म्हणजे व्हिजिटर नाही," तो अगदी सहज म्हणाला. पान उघडलं की त्यातला प्रत्येक फोटो, प्रत्येक चिन्ह, प्रत्येक बटण वेगवेगळं मागवलं जातं, आणि तेवढे हिट पडतात. आमचं पहिलंच पान फोटोंनी खच्चून भरलेलं. एक माणूस डोकावला की हिट्सचा ढीग. बडा घर, पोकळ वासा! मी विचारलं, मग तेच सगळ्यात ठळक का छापता? तर म्हणाला, "क्लायंटला बरं वाटतं." मला त्याच्या टेबलावरचा स्टेपलर उचलून फेकावासा वाटला. त्याऐवजी मी म्हटलं, उरलेले शब्दही सांगा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता हे नानांना सांगायचं होतं. आमच्या घरात तेलुगू आणि मराठी एकाच ताटात जेवतात. मी तेलुगूत सुरुवात केली, अडले, मराठीत आले, तिथेही अडले. शेवटी दुकानच मांडलं.

"समजा नाना, नवी पेठेत आपलं दुकान आहे. आत आला तो व्हिजिटर. तो आला, त्यानं बघितलं, तो गेला, ते झालं एक सेशन. संध्याकाळी तोच परत आला तर सेशन दुसरं, माणूस तोच. त्यानं जेवढी कपाटं बघितली तेवढे पेज व्ह्यू. आणि कपाटातल्या कापडाच्या एकेका घडीवर नजर पडली की एकेक हिट."

"मग घड्या कशाला मोजायच्या? माणसं मोजायची की."

"तेच तर म्हणतेय!" मी ओरडले. बिचाऱ्यांवर ओरडायचं काहीच कारण नव्हतं.

बाउन्सपाशी तर गाडी पारच रुतली. उंबऱ्यावरूनच परत फिरला तो बाउन्स, आणि आपल्याकडे तसे पुष्कळ, असं मी सांगितलं. नानांचा चेहरा पडला.

"पाणी बी न घेता गेले?"

"नाना, तिथं पाणी कुठलं?"

"तेच की. पाणी न्हाय, बसा म्हणणारं कुणी न्हाय. कोण थांबंल?"

पुढचे काही दिवस त्यांनी दुसरा विषय काढला नाही. आपलं काय चुकलं, माणसं दारातून का फिरली? पहिल्या पानावर 'या, बसा, चहा घ्या' असं लिही म्हणून त्यांनी माझ्यामागे धोशा लावला. मी कपाळावर हात मारून घेतला. बॉट मात्र त्यांना पटकन कळले. यंत्रं असतात, पानं वाचत हिंडतात, काही घेत नाहीत, असं म्हटल्यावर ते म्हणाले, "जनगणनेवाल्यागत." तसंच समजा, म्हटलं.

आणि मग ज्याची मला धास्ती होती ते त्यांनी विचारलंच. "बिड्डा," तेलुगूत लेकराला म्हणतात तसं म्हणाले, "हे सगळं सोडून, माणसं किती?"

उत्तर मला माहीत होतं. वेबसाइटवाल्यानं माझ्यासमोरच बॉट काढून टाकले होते. मग म्हणाला, घरच्यांच्या भेटीही गाळायच्या असतात. मालकानं आपल्याच दुकानात शिरून गिऱ्हाईक म्हणून मोजून घ्यायचं नसतं. गाळण्याआधी एक व्हिजिटर माझ्या डोळ्यांत भरला होता. रोज यायचा, एकेका चित्रावर कितीतरी वेळ थांबायचा. मला केवढा आनंद झाला होता! वाटलं, कुणीतरी आहे, हा नक्की काहीतरी घेणार. मग कळलं, तो आमच्याच वायफायवरून, आमच्याच घरातल्या जुन्या फोनवरून येत होता. घरच्यांना गाळल्यावर खाली उरलं ते जवळजवळ शून्य.

वेबसाइटवाल्यावरचा राग मी नानांवर काढला. "घरचे वगळून कुणी नाही, नाना. रोज येणारे ते तुम्हीच. तुम्हालाही वगळलं."

नानांनी फोन माझ्यापुढे धरला.

"मला का वगळलं?"

"नियम आहे. मालकाला मोजत नाहीत."

"मी मालक म्हणून कुटं जातो तितं? मोर इकला. हरणं इकली. त्या जोडप्याची तोंडं विणायला लई जीव गेला, ते बी गेलं. घरात माझ्या हातचं एक बी चित्र न्हाय. तितं हाय म्हणून जातो, बघतो. मी माणूस न्हाय व्हय?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतःच काकांना फोन करून खोली घ्यायला सांगितलं. दिवाळीची वाटही बघितली नाही. माग सुटा झाला. लाकूड एकीकडे गेलं, लोखंड दुसरीकडे. मी म्हटलं, आता वेबसाइटही बंद करते, कटकट मिटेल. नाना एवढंच म्हणाले, "ती राहू दे."

मी वेबसाइटवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, आमच्या घरचे गाळू नका.

"मॅडम, मग रिपोर्ट चुकीचा होईल."

"त्यात लिहा, रोज एक माणूस येतो, खूप वेळ थांबतो आणि काही विकत घेत नाही," मी म्हटलं. "ह्यात चुकीचं काय आहे?"