रोहिदासकाकांचा चष्मा

साधना मूळची परभणीची. राहते मोशीत आणि चाकणच्या एका कारखान्यातल्या प्रेस मशीनचा प्रोग्रॅम लिहिते. त्याच मशीनखाली निघोज्याच्या रोहिदासकाकांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत ठरलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तेवीस वर्षं अंगावर ओरखडा न उमटलेला माणूस एका दुपारीत निष्काळजी झाला म्हणे!

काका एकच सांगत होते, "दिवा हिरवा व्हता." हिरवा म्हणजे मशीन थांबलंय, हात घाला. हात आत आला की मशीन थांबवणारा पुढचा सेन्सर बिघडलेला, त्यामुळे सगळी भिस्त स्क्रीनवरच्या त्या दिव्यावर.

साधनाच्या जिवाला चैन पडेना. तिने प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला, तेव्हा घोळ सापडला. प्रोग्रॅमला अधूनमधून आपली मेमरी झाडून घ्यावी लागते. आधी तो बघतो, दुसरं कुणी झाडतंय का. नसेल तर 'झाडणं चालू' अशी पाटी लावतो आणि कामाला लागतो. शिफ्ट बदलल्याचं बटण दाबलं की हे सुरू व्हायचं. जाणाऱ्याने आधी दाबायचं, येणाऱ्याने मागून, असा नियम. पण कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही, म्हणून दोघं आपापलं बटण एकदमच दाबायचे. दोन्हीकडून बघितलं तर पाटी नाही. मग दोन झाडू एकदम चालायचे आणि स्क्रीन चार सेकंद गोठायची. दिवा मघाचाच, हिरवा. खाली मशीनचा पुढचा ठोका मात्र पडायचा. त्या दुपारी शिफ्ट बदलतानाच तो काकांच्या बोटांवर पडला होता.

बघणं आणि पाटी लावणं एका दमात व्हायला हवं होतं. साधनाने दोन ओळी बदलल्या आणि दोनशे वेळा दोन्ही बटणं एकदम दाबून पाहिली. स्क्रीन अडली नाही. मग मात्र तिला रडू फुटलं, कारण आधीच्या ओळीही तिच्याच हातच्या होत्या.

मॅनेजर म्हणाले, "छान. नोंदीत 'किरकोळ सुधारणा' लिही. अपघाताचा विषय मिटलाय."

तिने मुकाट्याने तसंच लिहिलं. नोकरी कुणाला नको असते?

रविवारी ती निघोज्याला गेली. काका ओट्यावर बसले होते, नाकावर नवाकोरा चष्मा.

"साहेब म्हणले, डोळ्यांनी दगा दिला. म्हून केला," काका म्हणाले. "डाक्टर म्हणत व्हता, नंबर न्हाई. पर मीच हट्ट धरला."

साधनाला राहवेना. "काका, दिवा हिरवाच होता. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती."

काकांनी चष्मा काढला. उरलेल्या दोन बोटांनी त्याची घडी घालायला गेले, पण जमेना.

"सायबाला ठावं हाय हे?"

"हो."

"मंग कागदावर काय लिवलंस, पोरी?"



"किरकोळ सुधारणा," ती म्हणाली.