तिसऱ्या बोल्टपाशी

माझा मामा एका जागी स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल तर मलाही दाखवा. जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर वाजतात, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर. त्याचं काम ड्रमची पानं बदलण्याचं, घराच्याच पुढच्या खोलीत. पान म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणून बसवलेला प्लास्टिकचा पडदा. ते कुठलं लावायचं हे मामा गिऱ्हाइकाला विचारत नाही, आधी त्याची मनगटं बघतो. हात दणकट असला तर दुहेरी जाड पान, हलका असला तर पातळ. "गाणी कुठली वाजवता ते राहू द्या, महिन्याला काठ्या किती मोडता ते सांगा," म्हणतो.

पान बसवलं की समोरासमोरचे बोल्ट चावीने आवळायचे, मधोमध बोट टेकवायचं आणि प्रत्येक बोल्टपाशी काठीने टिचकी मारायची. आठही ठिकाणी सूर एकच यायला हवा.

परवा एक ड्रमवाली आठवड्यापूर्वीच नेलेला ड्रम परत घेऊन आली. "काका, हा एका बाजूने रडतोय."

मामाने वाजवून पाहिलं. "ठणठणीत तर आहे!"

मला मात्र ऐकू येत होतं, तिसऱ्या बोल्टपाशी आवाज पार बसला होता. मामाने खापर पानावर फोडलं आणि नवं लावलं. तेही तसंच. मग आणखी एक लावलं. शेवटी ती बिचारी "उद्या येते" म्हणून गेली आणि मामाच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. "छत्तीस वर्षांत एकही ड्रम परत आलेला नाही," हे तो चार वेळा म्हणाला. याचे कान गेले तर हा माणूस करणार काय, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

मामी पंधरा दिवस बहिणीकडे राहून त्याच सकाळी परतली होती. ती हात पुसत बाहेर आली, टिचक्या मारल्या आणि तिसरा बोल्ट पाव फेरा आवळला. ड्रम खणखणीत वाजला.

"तुला कुठून येतं हे?" मामा बघतच राहिला.

"दुपारी तुम्ही चहाला जाता ना, तेव्हा रोज करते."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

घोडं कुठे पेंड खात होतं ते आता मला कळलं. मामाचा पारा चढला. "मग सांगायला काय झालं होतं?"

"काम सोडून घरात बसला असतात. घरात तुम्हाला कोण सांभाळणार?"

मामा तरातरा बाहेर गेला. पाच मिनिटांत परत आला, तोंड फुगवूनच. दुसरा एक ड्रम पुढ्यात ओढून त्याने पान बसवलं, बोल्ट आवळले आणि काठी मामीच्या हातात दिली. तिने आठही ठिकाणी वाजवलं आणि काहीतरी पुटपुटली.

"जरा मोठ्याने सांग," मामा म्हणाला, "मला ऐकू येत नाही."