चॉकलेटची मिश्री

माझी नात चार वर्षांची असताना रोज सकाळी माझ्या शेजारी मांडी घालून बसायची, डबीतली पूड बोटावर घ्यायची आणि डोळे मिटून दातांवर घासायची. डबी माझीच, रिकामी झालेली. पूड मात्र दुधात घालायच्या चॉकलेटची. ती तिला मीच भरून दिली होती. आमच्या गावाकडे, रत्नागिरीला, बायका तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची दातांना लावायची मिश्री करतात. मी ती लग्नाच्या आधीपासून लावत आले होते. नात रोज हात पुढे करायची, तिला तंबाखू थोडीच देणार? म्हणून चॉकलेट. शेजारच्या गुजराती बाईंना हाक मारून मी तो कार्यक्रम दाखवायचे. स्वतःच्या अकलेचं मला भारी कौतुक होतं.

मुलगा आणि सून दोघं नोकरीला. शहरात, बेव्हर्ली पार्क सोसायटीतल्या आमच्या घरात दिवसभर आम्ही दोघीच. सून निघताना सांगायची, "आई, तिचं ब्रश करून घ्या हां." नात ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि मी म्हणायचे, जाऊ दे. दुधाचेच दात, आज ना उद्या पडणारच आहेत.

मग एके दिवशी पोळी चावताना ती कळवळून रडली. सुनेने रजा टाकली आणि आम्ही तिघी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. चार दाढा किडलेल्या निघाल्या. "बाळा, गोड काय काय खातेस?" त्यांनी विचारलं. नातीने खुर्चीतच डोळे मिटले, बोट वर केलं आणि दातांवरून फिरवून दाखवलं. "आजीसारखी मिश्री," ती म्हणाली. "चॉकलेटची."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. सुनेने बघितलंच नाही, आणि तेच मला जास्त लागलं. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, नंतर येणाऱ्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. दाढा भरून झाल्यावर बाई म्हणाल्या, "सहा महिन्यांनी परत दाखवा."

घरी आल्यावर सून शांतपणे म्हणाली, "आई, तिला पाळणाघरात घालावं म्हणतेय."

मी भडकले. माझा स्वभावच तसा, चूक माझी असली की आवाज अजून चढतो. अंगाखांद्यावर कुणी वाढवली, तापात मांडीवर कुणी घेतली, सगळं काढलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले, कारण ती पोर घरात नसती तर दिवसभर मी करणार काय होते? तोंड धुऊन बाहेर आले आणि म्हणाले, "सहा महिने दे मला. एक जरी नवी कीड निघाली तर मीच डबा भरून तिला पाळणाघरात सोडून येईन."

"बरं," ती म्हणाली.

पहिला आठवडा नुसतं युद्ध. मी ब्रश पुढे केला की नात तो चावून धरायची. धाक दाखवला, गोष्टी सांगितल्या, काही उपयोग नाही. शेवटी तिनेच विचारलं, "तू कुठे ब्रश करतेस? मग मी का?" मी उठून खाली दुकानात गेले.

"दो ब्रश देना. एक बच्ची का."

"और दूसरा, माँजी?"

"मेरा. हसता कायको है?"

मिश्री सोडणं म्हणजे काय ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, शेजारणीवर उगाच खेकसायचे. मी खरंच सोडली का हे बघायला नात रोज सकाळी माझं बोट नाकाशी धरून वास घ्यायची आणि मगच तोंड उघडायची. तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला. ती झोपेत असताना चिमूटभर लावली, साबणाने हात धुतले. तिने उठून वास घेतला, आपला ब्रश ठेवून दिला आणि तोंड फिरवून बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्यातली सगळी मिश्री मी तिच्यासमोर कचऱ्यात ओतली. त्यानंतर आजतागायत बोटाला लावलेली नाही.

पुढे आमचं जमलं. मांडीवर डोकं घेऊन, वाटाण्याएवढी पेस्ट, आधी मागच्या दाढा, मग पुढचे. सकाळी एकदा आणि जेवल्यावर झोपायच्या आधी एकदा, त्यानंतर फक्त पाणी. ती पाहुण्यांकडे पेढा खाऊन आली की स्वतःच चूळ भरायची. तिचं झालं की ती माझ्यासमोर उभी राहून हुकूम सोडायची, "आजी, आ कर. अजून मोठा."

सहा महिने झाले. डॉक्टरीणबाई छोटासा आरसा एकेका दाढेमागे फिरवत होत्या आणि मी पदराचं टोक पिळत उभी होते. बाई सरळ झाल्या. "एकही नवीन नाही. कोण करतं हिचं ब्रश?"

"मी!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर बसलेले पेशंट वाकून बघायला लागले. ओरडले तर ओरडले! आयुष्यात एवढा आनंद मला माझ्या कुठल्याच परीक्षेत झाला नव्हता.

"आता आजीचे बघा," नात खुर्चीतून उतरत म्हणाली. काळ्या दातांमुळे मी जन्मभर तोंडावर पदर घेऊन हसले. त्या दिवशी तिघींसमोर, दिव्याखाली, आ करून बसले. बाई म्हणाल्या, डाग आहेत, ते साफ करता येतील. करा म्हटलं.

बाहेर आलो. नात माझा हात धरून उड्या मारत होती. सून दोन पावलं मागे राहून फोनवर बोलत होती. कुणाशी, ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं.

"नाही हो, जागा ठेवू नका," ती म्हणत होती. "घरी तिची आजी आहे."